देशोदेशी फिरून खेळणाऱ्या बेसबॉलपटूचं करिअर नेमकं चालतं कसं?

पार्कचौक_सोलापूर

नमस्कार मंडळी. सोलापुरात शालेय आणि विद्यापीठ पातळीवर सॉफ्टबॉल-बेसबॉल खेळणारी बरीच पोरंपोरी आहेत. त्यांच्या पालकांसाठी मराठीत चार पानी माहिती तयार करायची आहे. ओहतानीसारख्या सुपरस्टारबद्दल काही नको, त्याचे आकडे ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर आहेत. मला हवाय तो मधला माणूस, म्हणजे अमेरिकेत जेमतेम, मग जपान, कोरिया, मेक्सिको असा पंधरा वर्षं खेळून पोट भरणारा. तिकडं त्याला जर्नीमन म्हणतात.

मुद्दे असे: तो देश स्वतःहून बदलतो की त्याला हाकलतात? पैसे किती, शक्यतो रुपयांत. वर्षभराचं वेळापत्रक कसं असतं? आणि गाडी अडते कुठं? ‘मेहनत केली की फळ मिळतं’ छाप उत्तरं कृपया नकोत, ती पालकांकडं आधीच भरपूर आहेत.

डगआउट_२६

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: जागा. बाकीचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

मेजर लीग म्हणजे अमेरिकेतली सर्वांत वरची लीग, तिथं ३० क्लब. प्रत्येकाच्या चालू यादीत २६ खेळाडू, म्हणजे जगात एकूण ७८० जागा (सप्टेंबरात यादी २८ ची होते, तेवढाच दिलासा). प्रत्येक क्लबची एक मोठी ४० जणांची यादीही असते, त्यातले १४ जण खाली मायनर लीगमध्ये वाट बघत असतात. खाली चार पायऱ्या: ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए, सिंगल-ए. या चारांत मिळून १२० संघ. आता समजा एखादा पिचर (चेंडू टाकणारा) जगात ८५० वा आहे. ट्रिपल-एमध्ये तो सगळ्यांना भारी पडतो, पण वर जागाच नाही. जर्नीमन तयार होतो तो इथं. सोलापूरकरांना गिरणीतला बदली कामगार आठवला तर चित्र लगेच डोळ्यासमोर येईल: हाताला काम येतं, कायमची जागा भरलेली, म्हणून गेटवर हजर राहायचं आणि ज्या साच्यावर माणूस कमी असेल तिथं उभं राहायचं.

हाकलणं म्हणाल तर त्याचीही ठरलेली पद्धत आहे. ४० च्या यादीतल्या खेळाडूला क्लब साधारण तीन हंगामांत मोकळेपणी वर-खाली करू शकतो. याला ‘ऑप्शन’ म्हणतात. २०२२ पासून एका हंगामात जास्तीत जास्त पाच वेळाच खाली पाठवता येतं. त्याआधी काही पिचरांची बॅग उघडायचीच राहायची. ऑप्शन संपले की खाली पाठवण्याआधी त्याला ‘वेव्हर्स’वर ठेवावं लागतं, म्हणजे उरलेल्या २९ क्लबांपैकी कुणीही उचलू शकतं. क्लबला यादीत तातडीनं जागा हवी असेल तर त्याला ‘डीएफए’ करतात. नाव ४० मधून लगेच कमी होतं आणि त्याचं काय करायचं हे क्लबला सात दिवसांत ठरवावं लागतं: विकायचा, वेव्हर्समधून खाली पाठवायचा, की सोडून द्यायचा. एखाद्यानं काहीही वाईट न करता वर्षात तीन-चार शहरं बदलणं याच नियमांमुळं होतं.

एडविन जॅक्सन २००३ ते २०१९ मध्ये १४ मेजर लीग क्लबांकडून खेळला, तो विक्रम. २०२५ मध्ये कॅन्सस सिटीकडून उतरून रिच हिलनं त्याची बरोबरी केली. पण पालकांना सांगताना घोळ नको: हे क्लब बदलणं झालं, देश बदलणं नव्हे. जॅक्सनला सारखे घेणारे होते म्हणून तो फिरला. नको असलेला माणूस १४ वेळा कुणी विकत घेत नाही.

देश बदलणाऱ्यांत पुस्तकी उदाहरण हुलिओ फ्रँकोचं. १९९४ च्या संपानं अमेरिकेतला हंगाम अर्ध्यावर बंद पडला आणि १९९५ ला तो जपानच्या चिबा लोट्टेकडं गेला. १९९६ ला परत अमेरिका. १९९८ ला पुन्हा चिबा, १९९९ मेक्सिको, २००० कोरियात सॅमसंग लायन्स, २००१ परत मेक्सिको, आणि त्याच हंगामाच्या शेवटी अटलांटानं उचलला. वय ४३. मे २००७ मध्ये ४८ व्या वर्षी त्यानं रँडी जॉन्सनला होमरन मारला. मात्र हा १९९१ चा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम सरासरीवाला बॅटर होता, त्याला ‘जेमतेम’ म्हणता येणार नाही.

तुमच्या कामाचं उदाहरण मेरिल केली. टॅम्पा बेच्या मायनर संघांत खेळला, मेजरचा एक चेंडूही टाकायला मिळाला नाही. २०१५ ला, २६ व्या वर्षी कोरियाच्या एसके वायव्हर्न्सकडं गेला, चार हंगाम काढले. २०१९ ला ॲरिझोनानं घेतला, मेजर लीगमधला पहिला सामना वयाच्या ३० व्या वर्षी. २०२३ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या (मेजर लीगची अंतिम मालिका) दुसऱ्या सामन्यात ७ इनिंग, ९ स्ट्राइकआउट, १ रन. कोरियाला गेला नसता तर ट्रिपल-एतच २९-३० चा झाला असता, आणि त्या वयाच्या पिचरला ट्रिपल-एत कुणी नव्यानं बघत नाही.

हिशोब_पक्का

पैशाचं मी सांगतो. डॉलर ८५ रुपये धरलाय, तुम्ही आजचा भाव लावा.

मायनर लीगचे किमान वार्षिक पगार २०२३ च्या कराराप्रमाणं: सिंगल-ए २६,२०० डॉलर, हाय-ए २७,३००, डबल-ए ३०,२५०, ट्रिपल-ए ३५,८००. म्हणजे सुमारे २२ लाखांपासून ३० लाखांपर्यंत. आकडा सोलापुरात ऐकायला बरा वाटतो, पण तो अमेरिकेत राहून खर्च करायचा आहे. राहायची सोय २०२२ पासून क्लब करतात, त्याआधी एका फ्लॅटमध्ये पाच-सहा जण गाद्या टाकून झोपायचे.

मेजर लीगचं किमान वेतन २०२५ ला ७,६०,००० डॉलर, म्हणजे साडेसहा कोटींच्या जवळ. पण हे पूर्ण हंगाम वर राहिलात तर. पगार दिवसावर मोजतात: हंगाम साधारण १८६ दिवसांचा, म्हणून एका दिवसाचे ४,००० डॉलरच्या थोडे वर. साडेतीन लाख रुपये रोज म्हणा. खाली पाठवलं त्या दिवशी हा मीटर बंद.

म्हणून जर्नीमन धावा-विकेटांसारखे आकडे मोजत नाही, दिवस मोजतो. मेजरच्या यादीवर १ दिवस काढला तरी आरोग्य योजनेचा हक्क सुरू होतो आणि ४३ दिवस झाले की किमान पेन्शन पक्की. ४१ दिवसांवर अडकलेला माणूस ३४ व्या वर्षीही मेक्सिकोत का खेळत बसतो, हे बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. त्याला दोन दिवस हवे असतात.

कोरिया: पहिल्या वर्षी परदेशी खेळाडूवर जास्तीत जास्त १० लाख डॉलर, साडेआठ कोटी. पण इथं मेख आहे. या मर्यादेत पगार, साइनिंग बोनस, कामगिरीवरचे बोनस आणि अमेरिकन क्लबला सोडवणुकीपोटी द्यायची रक्कम, सगळं येतं. अमेरिकन क्लबनं २ लाख मागितले तर खेळाडूच्या ताटात ८ लाखच. म्हणून हुशार एजंट नोव्हेंबरात, खेळाडू करारातून मोकळा असताना सौदा करतो. सोडवणुकीचा प्रश्नच उरत नाही.

जपानमध्ये अशी कमाल मर्यादा नाही. तैवानमध्ये सहा क्लब, परदेशी म्हटलं की बहुतेक पिचरच. मेक्सिकोत उन्हाळी लीग तैवानपेक्षा जुनी (१९२५ ची) आणि खूप मोठी, पण पैसे महिन्यावर, आणि महिना संपायच्या आत घरी पाठवायची पद्धत तिथं सर्रास.

एजंटची टक्केवारी मेजरच्या करारावर साधारण ४ ते ५. कराचं वेगळंच. जपानमध्ये अनिवासी म्हणून धरलं तर पगारातून २०.४२ टक्के आधीच कापतात. करारातला आकडा करकपातीआधीचा की हातात पडणारा, हे सहीआधी लिहून घ्यायचं. याच एका ओळीवरून एजंट आणि खेळाडूची सर्वांत जास्त भांडणं होतात.

वेळापत्रक:

१ फेब्रुवारीला जपानचे सराव कॅम्प सुरू होतात, मियाझाकी आणि ओकिनावाकडं. अमेरिकेत फेब्रुवारीच्या मध्याला. मार्चअखेरपासून मेजर (१६२ सामने), जपान (१४३), कोरिया (१४४) जवळजवळ एकदमच. मेक्सिको एप्रिलात. अमेरिकेतल्या स्वतंत्र लीग, म्हणजे अटलांटिक लीग वगैरे, एप्रिलअखेर ते मे. सप्टेंबर-ऑक्टोबरला हे सगळं आटपतं. मग ऑक्टोबरच्या मध्यापासून डोमिनिकन, व्हेनेझुएला, मेक्सिकोची पॅसिफिक लीग, नोव्हेंबरपासून पोर्तो रिको आणि ऑस्ट्रेलिया. आपल्याकडं गड्ड्याची यात्रा उठायच्या सुमाराला तिकडच्या हिवाळी लीगच्या अंतिम लढती असतात आणि फेब्रुवारीच्या तोंडावर विजेत्यांची कॅरिबियन सिरीज. ती संपते आणि अमेरिकेतले कॅम्प उघडतात. म्हणजे तीनशे पासष्ट दिवस काम मिळू शकतं.

डावखुरा_स्टार्टर

शेवटचं वाक्य पालकांच्या कागदावर अजिबात लिहू नका. काम मिळू शकतं, खांदा मिळत नाही.

पिचरचं भांडवल म्हणजे इनिंग. उन्हाळ्यात ट्रिपल-एला १३० इनिंग टाकल्या आणि डोमिनिकनमध्ये आणखी ५०, तर मार्चमध्ये फास्टबॉल तीन-चार किलोमीटरनं खाली आलेला असतो. जर्नीमनकडं तेवढीच फट असते: १४८ चा १४४ झाला की तोच चेंडू ट्रिपल-एचे बॅटर भिंतीपलीकडं टाकतात. मोठ्या क्लबांना हे माहीत आहे, म्हणून त्यांच्याकडं करारात असलेल्या आणि हंगामात खूप टाकलेल्या पिचरला ते ‘अति थकवा’ या कलमाखाली हिवाळी लीग खेळायला मनाई करू शकतात. मोकळ्या खेळाडूला मनाई करणारं कुणी नसतं, आणि नुकसान त्याचंच होतं. साधा नियम: पिचर असाल तर वर्षातून सलग दहा-बारा आठवडे माउंडवरून (पिचर उभा राहतो तो उंचवटा) पूर्ण जोरानं टाकायचं नाही. हिवाळी लीग खेळायचीच तर रिलीव्हर (सामन्यात मागून येणारा बदली पिचर) म्हणून, एका वेळी एक इनिंग. बॅटरला ही अडचण कमी, म्हणून हिवाळी लीग मुख्यतः बॅटर आणि रिलीव्हरांचा बाजार आहे.

कोपरातला लिगामेंट फाटला की टॉमी जॉन शस्त्रक्रिया (पहिली १९७४ ला, डॉ. फ्रँक जोबनी केली). परत यायला १२ ते १८ महिने. एक-एक वर्षाच्या करारावर जगणाऱ्याला त्याचा अर्थ असा, की करार संपतो आणि पुढचा कुणी देत नाही. दुखत असताना लपवून टाकत राहणं या धंद्यात इतकं चालतं ते यामुळं.

आता देश बदलल्यावर चेंडू हातात वेगळा लागतो, हे प्रेक्षकाला दिसत नाही. नियमातलं वजन सगळीकडं १४२ ते १४९ ग्रॅमच (क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३, हे पोरांना सांगा, क्रिकेटमधून आलेली पोरं बेसबॉल उंच सोडतात त्याचं एक कारण हे). पण अमेरिकन चेंडूचं कातडं गुळगुळीत, म्हणून सामन्याआधी त्याला डेलावेअर नदीकाठची खास माती चोळतात. जपानी चेंडू डब्यातून काढला तरी बोटाला किंचित चिकटतो. त्यामुळं अमेरिकेतून गेलेल्याचा फोर्क किंवा स्प्लिटर जपानमध्ये पहिल्या आठवड्यातच जास्त खाली पडायला लागतो, आणि तो खूश होतो. उलट्या प्रवासात तोच चेंडू बोटांतून सुटतो, पिचर नकळत घट्ट धरतो, आणि कोपरावर ताण येतो.

मेक्सिको सिटी २,२४० मीटरवर. सोलापूर साधारण साडेचारशे. तिकडं हवा समुद्रकाठापेक्षा पाचव्या हिश्शानं विरळ, कर्व्हबॉल कमी वळतो, मारलेला चेंडू लांब जातो. तिथल्या पिचरचे आकडे बघून त्याला नालायक ठरवू नये आणि तिथल्या बॅटरचे आकडे बघून डोक्यावर घेऊ नये. फ्रँकोचं १९९९ आणि २००१ चं .४०० च्या वरचं बॅटिंग ॲव्हरेज मेक्सिकोतलंच.

आणखी एक. अमेरिकेत स्टार्टरची (सामना सुरू करणाऱ्या पिचरची) पाळी पाचव्या-सहाव्या दिवशी, जपानमध्ये आठवड्यातून एकदा. आठवड्याची लय खांद्याला बरी, पण एक सामना फसला तर सुधारायला सात दिवस थांबावं लागतं, आणि परदेशी खेळाडूला तेवढा धीर मिळेलच असं नाही.

पार्कचौक_सोलापूर

एक नंबर, मालक. दोन उपप्रश्न. जपान आणि कोरिया यांत जर्नीमनला कुठं जास्त फायदा? आणि परदेशी करारात नेमकी कुठली कलमं वाचायची? पालकांत दोघं-तिघं वकील आहेत, ते हेच विचारणार.

जुना_कॅचर

कोरिया. आकड्यांवर वाद नको, रचना बघा.

जपानी क्लब परदेशी कितीही करारबद्ध करू शकतो, पण पहिल्या संघात सामन्याला एका वेळी चारच, आणि नोंदवलेले सगळेच पिचर किंवा सगळेच बॅटर चालत नाहीत. त्यामुळं क्लब सहा-सात परदेशी ठेवतो आणि दोघं-तिघं दुसऱ्या संघात, म्हणजे ‘नि-गुन’मध्ये बसून राहतात. एकदा पहिल्या संघाच्या नोंदीतून नाव काढलं की दहा दिवस परत घेता येत नाही. या दहा दिवसांत दुसरा परदेशी चांगला खेळला तर तुमचे दहाचे साठ होतात. पगार चालू असतो, पण अमेरिकेतले स्काउट (क्लबसाठी खेळाडू हेरणारे) नि-गुनचे आकडे बघून करार देत नाहीत.

कोरियात दहा क्लब, प्रत्येकी तीन परदेशी, तिघंही पिचर चालत नाहीत. म्हणून नेहमीचा साचा दोन स्टार्टर आणि एक बॅटर. त्या दोन स्टार्टरांना क्लब हंगामभर दर पाळीला उतरवतोच, १७०-१८० इनिंगची अपेक्षा धरूनच पैसे दिलेले असतात. स्वतःला दाखवायला एवढी जागा जगात दुसरीकडं नाही. एरिक फेडी २०२३ ला एनसी डायनोसकडून २० विजय, ६ पराभव, नऊ इनिंगमागं सरासरी २.०० रन, २०९ स्ट्राइकआउट. लगेच शिकागो व्हाइट सॉक्सचा दोन वर्षांचा दीड कोटी डॉलरचा करार. एरिक थेम्स त्याच एनसीकडून २०१५ ला .३८१ ची बॅटिंग सरासरी, ४७ होमरन, ४० स्टील (चोरलेले बेस). २०१७ ला मिलवॉकी, तीन वर्षांचे १ कोटी ६० लाख डॉलर.

डगआउट_२६

अण्णा, रचनेचं बरोबर, निष्कर्ष अर्धा. कोरिया दार आहे, जपान घर होऊ शकतं. ज्याला अमेरिकेला परतायचं आहे त्याला कोरिया, ज्याला परदेशातच दहा वर्षं काढायची आहेत त्याला जपान. टफी ऱ्होड्स १९९६ ला गेला आणि ४६४ होमरन मारून थांबला, २००१ ला तर ५५. क्युरासावचा व्लादिमिर बालेंतिएन २०१३ ला ६०, तो तिथला विक्रम. जपानहून परतणारेही आहेतच: सेसिल फील्डर १९८९ ला हानशिनकडून ३८, पुढच्याच वर्षी डेट्रॉइटला ५१. माइल्स मिकोलास तीन वर्षं योमिउरीकडं, परतल्यावर २०१८ ला सेंट लुईससाठी १८ विजय.

उलटंही होतं. हाच थेम्स २०२१ ला योमिउरीकडं गेला आणि पहिल्याच सामन्यात टाचेची शीर गेली. हंगाम संपला.

वकील पालकांसाठी कलमं, जेवढी महत्त्वाची तेवढीच:

गॅरंटी किती आणि ‘ऑप्शन’ (कोरियात याचा अर्थ कामगिरीवरचा बोनस) किती. कोरियन बातम्यांत येणाऱ्या एकूण रकमेत कामगिरीवरचा भाग धरलेला असतो. ८ लाखांचा करार म्हणजे ५ पक्के आणि ३ इनिंग-विजयांवर, असं असू शकतं.

वैद्यकीय तपासणी. सही आधी होते, करार पक्का होतो तो तपासणीनंतर. खांद्याच्या एमआरआयमध्ये काही दिसलं की क्लब करार मोडतो किंवा रक्कम कमी करून परत बोलतो. तोवर इतर क्लबांच्या जागा भरलेल्या असतात. उपाय एकच, स्वतःची तपासणी आधी स्वतः करून, कागद एजंटकडं ठेवायचे.

परतीचा हक्क. कोरियात क्लबनं नव्या वर्षाचा प्रस्ताव दिला आणि खेळाडूनं नाकारला, तर क्लब त्याचा हक्क पाच वर्षं राखून ठेवू शकतो. अमेरिकेला जाता येतं, पण कोरियातल्या दुसऱ्या क्लबकडं नाही. चांगलं खेळल्यावर ‘शेजारचा क्लब जास्त देतोय’ म्हणायची सोय नाही. सहीच्या वेळीच ‘प्रस्ताव नाकारल्यास क्लब हक्क सोडेल’ असं लिहून मागायचं. मिळेलच असं नाही, पण मागितल्याशिवाय तर नाहीच.

अमेरिकेत मायनर करार असेल तर ‘ऑप्ट-आउट’ तारखा. म्हणजे १ जूनपर्यंत मेजरच्या यादीत घेतलं नाही तर मी मोकळा, असं कलम. आशियाई क्लबला हंगामाच्या मध्यात बदली पिचर हवा असतो तो मे-जूनमध्ये, आणि जपानमध्ये नव्या खेळाडूची नोंद ३१ जुलैला बंद होते. १ ऑगस्टला मोकळं होण्याचा काही उपयोग नाही.

व्हिसा. अमेरिकेत क्लबशी जोडलेल्या मायनर खेळाडूंना २००६ च्या कायद्यापासून पी-१ मिळतो. जपानमध्ये खेळाडू ‘एंटरटेनर’ या वर्गात येतो, कोरियात ई-६. तिन्ही ठिकाणी व्हिसा क्लबला बांधलेला. क्लबनं सोडलं की व्हिसाचाही प्रश्न येतो, म्हणून परतीचं तिकीट आणि कुटुंबाचं तिकीट कुणाचं, हेही लेखी.

हिशोब_पक्का

थोडी भर. दुभाषा आणि घर कुणी द्यायचं हे जपान-कोरियात बहुतेक वेळा क्लबवर असतं, मेक्सिको आणि हिवाळी लीगमध्ये कमी-जास्त. हिवाळी लीगचे क्लब परदेशी खेळाडूला दोन वाईट सामन्यांत विमानात बसवतात. प्लेऑफ आले की मात्र बाहेर पडलेल्या संघांतून ‘रेफुएर्सो’ म्हणून खेळाडू उचलतात, त्यामुळं डिसेंबरात बॅग भरलेला माणूस जानेवारीत पुन्हा कामावर असतो. फोन चालू ठेवायचा.

भारतीय नागरिक नोकरीसाठी बाहेर असेल तर आयकरात १८२ दिवसांची मर्यादा बघायची. तीन देशांत खेळणाऱ्यानं पासपोर्टवरच्या शिक्क्यांची नोंदवही ठेवलेली बरी, मार्चमध्ये आठवून दिवस मोजता येत नाहीत.

डावखुरा_स्टार्टर

आता मूळ विषयाला हात घालू, नाहीतर पालक म्हणतील आमच्या पोराचं काय.

भारतातून हा रस्ता कुणी चाललंय का? चाललंय. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल, दोघं भालाफेकवाले. वेगाच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि नोव्हेंबर २००८ ला पिट्सबर्ग पायरट्सनं करार केला. दोघांनी त्याआधी बेसबॉल खेळलेला नव्हता. २००९ ला दोघं सर्वांत खालच्या रुकी लीगमध्ये. दिनेशला २०१० च्या शेवटी सोडलं. डावखुरा रिंकू सिंगल-एपर्यंत गेला, ऑस्ट्रेलियात कॅनबेराकडूनही खेळला, मग दुखापतींनी करिअर संपलं. शिकण्यासारखं काय, तर वेगानं दार उघडतं, जागा मिळत नाही. १४० नं टाकता येणं आणि १४० नं हवं तिथं टाकता येणं यात सात-आठ वर्षांचा सराव असतो. डोमिनिकनमधली पोरं सोळाव्या वर्षी करार करतात तेव्हा तो सराव झालेला असतो.

उजव्या हाताच्या पिचरकडं अमेरिकन स्काउट १४५ च्या खाली असेल तर सहसा दुसऱ्यांदा बघत नाहीत. डावखुऱ्याला थोडी सूट. वेग मोजताना रडार गन पिचरच्या समोर, कॅचरच्या मागं, सरळ रेषेत धरायची; बाजूनं धरली तर आकडा कमी दाखवते. अंतर ६० फूट ६ इंच, माउंड १० इंच उंच. सपाट जमिनीवर मोजलेला वेग कुणाला पाठवू नका.

जवळचे दरवाजे तीन. एक, जपानच्या स्वतंत्र लीग. शिकोकू आयलंड लीग प्लसमध्ये कोची फायटिंग डॉग्जनं बुर्किना फासोच्या सानफो लासिनाला घेतलं होतं; त्याच्या देशात व्यावसायिक बेसबॉलच नाही, म्हणजे तुमच्या पोरापेक्षा परिस्थिती पुढची नव्हती. पगार जेमतेम जगण्यापुरता, तोही हंगामापुरता. दोन, दुबईतली बेसबॉल युनायटेड. पहिला हंगाम नोव्हेंबर-डिसेंबर २०२५ ला झाला, चार संघांत एक मुंबई कोब्राज. सामने मात्र दुबईतच. तीन, अमेरिकेतली दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं, जिथं शिक्षण आणि खेळ दोन्ही. बारावीच्या मार्कांकडं दुर्लक्ष केलेल्याला हा दरवाजा बंद.

जुना_कॅचर

चौथाही आहे. कोरियानं २०२६ पासून तीन परदेशींव्यतिरिक्त एक आशियाई जागा दिली आहे, ऑस्ट्रेलियाही त्यात धरलेला. कमाल २ लाख डॉलर. अट अशी, की खेळाडू त्या किंवा आधीच्या वर्षी आशियाई लीगमध्ये खेळलेला हवा. जागा जवळजवळ सगळ्या जपान, ऑस्ट्रेलिया, तैवानच्या खेळाडूंनी भरल्यात आणि सध्या भारतीय त्याच्या आसपासही नाही. पण चौदा वर्षांच्या पोराला दहा वर्षं आहेत, आणि अशा दहा जागा आहेत ही माहिती पालकांकडं असलेली चांगली.

कॅचरकडंही बघा. सोलापुरात सगळ्यांना पिचर व्हायचं असतं. कॅचर जगात सगळीकडं कमी असतात. होम प्लेटवरून दुसऱ्या बेसवर २ सेकंदांच्या आत फेकणारा, चेंडू अंगावर घेऊन अडवणारा कॅचर बॅटिंगला जेमतेम असला तरी त्याला काम मिळतं. व्हिडिओ पाठवताना घड्याळ चेंडू ग्लोव्हमध्ये आला तिथपासून, दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंत लावायचं.

आणि सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी कुणी खेळत असेल तर स्पर्धेला जायच्या आधीच जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा, तो खेळ आणि ती स्पर्धा यादीत बसते का. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडं होते, सोलापूरला पुणे विभाग. खेळून आल्यावर विचारणारे दरवर्षी तिथं रांगेत असतात.

पार्कचौक_सोलापूर

आभार सगळ्यांचे. चार पानांत मावणार नाही, सहा करतो. कॅचरचं पहिल्या पानावर घेतो. रडार गन सोलापुरात भाड्यानं मिळत असेल तर कुणीतरी इथंच कळवा.